बाणांचा भाता की डार्टांचे घर?

डार्ट्स ह्या इंग्रजी खेळाचा खेळाडू आपले तीन डार्ट ज्या लहानशा पेटीतून नेतो, ती पेटी कशी असावी, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने हाती घ्यावा असा सकृद्दर्शनी वाटत नाही. मलाही तो तसा वाटला नव्हता. परंतु अशी एक पेटी करवून घेण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आले. ते प्रथम साफ बिघडले, आणि बिघाडाचे कारण शोधू जाता असे आढळले की चूक कारागिराच्या हाताची नसून माझ्या शब्दाची होती. पेटीच्या घडणीविषयी आणि त्या चुकीविषयी येथे चार गोष्टी सांगावयाच्या आहेत. दोहोंचा संबंध इतका निकटचा आहे की एक सोडून दुसरी सांगता येणार नाही.

खेळाचा परिचय थोडक्यात करून देणे अवश्य आहे. सिसल नावाच्या घायपातवर्गीय वनस्पतीच्या तंतूंचा दाबून केलेला गोल फलक भिंतीवर टांगलेला असतो. त्याचा मध्यबिंदू जमिनीपासून १.७३ मीटर उंचीवर येतो. खेळाडू फलकापासून २.३७ मीटर अंतरावरील रेषेमागे उभा राहून पाळीगणिक तीन डार्ट फेकतो. फलकाच्या वीस भागांतून गेलेली तिप्पट गुणांची पट्टी अवघी ८ मिलिमीटर रुंद असते आणि उत्तम खेळाडू तिन्ही डार्ट त्या पट्टीतील एकाच घरात रोवतात. ज्या रेषेमागे उभे राहावयाचे तिला 'ओकी' म्हणतात. 'हॉकी अँड सन्स' नामक दारूभट्टीच्या पेट्या मांडून हे अंतर मोजीत, त्यावरून हा शब्द आला, अशी एक व्युत्पत्ती इंग्लंडात मोठ्या विश्वासाने सांगितली जाते. संशोधकांनी शोध घेतला असता अशा भट्टीचा मागमूस लागलेला नाही. शब्द आधी आणि कथा मागाहून, हा प्रकार आपल्याकडील ग्रामनामांच्या व्युत्पत्तींत नित्याचा आहे. तेव्हा इंग्रजांना हसण्याचे कारण नाही.

डार्टाचे चार अवयव असतात. पुढे पोलादी टोक; त्यास 'अणी' हा आपला जुना शब्द चपखल बसतो. अणीमागे बोटांच्या पकडीत येणारा धातूचा जड भाग. त्यास येथे 'धड' म्हणू. धडाच्या मागील छिद्रात आटे पाडलेले असून त्यांत नायलॉनची किंवा ॲल्युमिनियमची 'दांडी' पिळून बसवितात. आटे बहुधा ब्रिटिश असोसिएशनच्या मापाचे, ४.७ मिलिमीटर व्यासाचे असतात, म्हणून एका उत्पादकाची दांडी दुसऱ्याच्या धडास चालते. दांडीच्या शेवटास अधिक चिन्हाच्या आकाराच्या खाचा असतात व त्या खाचांत चार पाळ्यांचा 'पिसारा' नुसता खोचलेला असतो. तो डिंकाने चिकटविलेला नसतो, दोऱ्याने बांधलेलाही नसतो. वाचकांनी हे विशेषण लक्षात ठेवावे, कारण पुढील सारा घोटाळा ह्या 'खोचलेला' शब्दाकडे दुर्लक्ष झाल्यामुळे घडला.

हा पिसारा पूर्वी खरोखरीच्या पिसांचा असे. विसाव्या शतकाच्या आरंभीचे डार्ट लाकडी धडाचे, शिशाच्या वेढ्याने जड केलेले आणि टर्की पक्ष्याच्या पिसांचे असत. पुढे धड पितळेचे झाले, पिसांच्या जागी घडीच्या कागदाचा पिसारा आला, आणि आज तो बहुतेककरून पॉलिएस्टरच्या पातळ पत्र्याचा असतो. १९७०च्या दशकाच्या प्रारंभी धडासाठी टंगस्टनचा मिश्रधातू वापरात आला. टंगस्टनची घनता पाण्याच्या १९ पटींहून अधिक, पितळेची सुमारे साडेआठ पट. शुद्ध टंगस्टन ठिसूळ असल्यामुळे त्यात निकेल इत्यादी धातू मिसळतात; नव्वद टक्के टंगस्टन असलेल्या मिश्रधातूची घनता पाण्याच्या सतरा पटींच्या आसपास येते. २४ ग्रॅम वजनाचे आणि ५ सेंटिमीटर लांबीचे भरीव धड घेतले तर, ठोकळ हिशेबाने, पितळेचे साडेआठ मिलिमीटर जाड होईल आणि ह्या मिश्रधातूचे सहा मिलिमीटर. ८ मिलिमीटरच्या पट्टीत तीन धडे मावावयाची असतील तर हा अडीच मिलिमीटरांचा फरक केवढा मोठा आहे ते सांगावयास नको. नियमाप्रमाणे डार्टाची लांबी ३०५ मिलिमीटरांपर्यंत व वजन ५० ग्रॅमपर्यंत असू शकते. व्यवहारात मात्र तो दीडशे-एकशेसाठ मिलिमीटर लांब आणि वीस ते पंचवीस ग्रॅम वजनाचा असतो.

आता प्रसंगाकडे वळतो. उत्तर इंग्लंडातील एका गावी माझे एक वयस्क परिचित राहतात. तरुणपणी नोकरीनिमित्त तेथे गेले आणि तेथेच स्थायिक झाले. संशोधनासाठी मी तिकडे असताना त्यांचा मला मोठा आधार होता. आम्ही त्यांना काका म्हणत असू. पत्नीच्या निधनानंतर त्यांचे बाहेर जाणे जवळजवळ बंद पडले होते. अपवाद एकच: गुरुवारी सायंकाळी गल्लीतल्या पबमध्ये डार्ट्सचे सामने असत आणि त्या संघात काका तीस वर्षे खेळत आले होते. सत्तरी उलटल्यावर संधिवाताने त्यांच्या बोटांची पेरे आखडली. मौज अशी की डार्ट फेकण्यास त्यामुळे फारशी अडचण येईना. अडचण येई ती पेटी उघडण्यास. तिची दाबाची बटणे लहान होती आणि साखळीची मूठ शेंगदाण्याएवढी. शेजारचा कोणी तरुण खेळाडू पेटी घेऊन उघडून देई. "मला हरवायला आलेल्या पोरानं माझी पेटी उघडून द्यायची, हे मला नको रे," असे ते एकदा दूरध्वनीवर म्हणाले आणि पुढे म्हणाले, "तिकडे चामड्याचं काम चांगलं होतं. माझ्या ॲरोजसाठी एखादी सोपी पेटी करून पाठव."

इंग्लंडातील खेळाडू आपल्या डार्टांना लाडाने 'ॲरोज' म्हणतात. काका पन्नास वर्षे त्याच लोकांत वावरलेले. त्यांच्या तोंडी तो शब्द स्वाभाविक होता. मी पुण्यातील चामड्याचे काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो आणि त्यांना सांगितले, "मामा, तीन लहान बाणांसाठी काहीतरी करून द्या. बोटांनी जोर लावावा लागू नये." कागदावर लांबी लिहून दिली, पिसाऱ्याची रुंदी लिहून दिली आणि घरी आलो.

मामांनी पंधरा दिवसांत जी वस्तू हातात ठेवली ती पाहून मला आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. उभट, गोल, जाड चामड्याची नळी, तळ शिवलेला, वर सैल टोपण. तीन बाण अणी खाली करून सोडावयाचे, पिसारे वर. वस्तू देखणी होती. ओळखीचा एक विद्यार्थी इंग्लंडास निघाला होता, त्याच्याबरोबर ती रवाना झाली. डार्ट विमानात हातसामानातून नेता येत नाहीत, ते तळाच्या सामानात टाकावे लागतात; रिकाम्या नळीस अर्थातच कोणी हरकत घेतली नाही.

महिन्याभरात काकांचा दूरध्वनी आला. टोपण सहज निघत होते, त्याविषयी तक्रार नव्हती. परंतु नळीत बोटे घालून डार्ट वर ओढावा तर हाती केवळ पिसारा येई आणि डार्ट तळाशीच राही. तिन्ही पिसारे एकमेकांत अडकून मुडपत. तिसऱ्या आठवड्यात एक अणी तळाचे चामडे भेदून बाहेर आली आणि पबच्या वाटेवर काकांच्या मांडीत घुसली. जखम किरकोळ होती. त्या गुरुवारी त्यांनी जुनीच पेटी नेली आणि ती शेजाऱ्याकडून उघडून घेतली.

मी मामांकडे जाऊन हे सारे सांगितले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "सर, तुम्ही बाण म्हणालात, मी भाता केला." ह्या वाक्यास उत्तर नव्हते.

'भाता' ह्या शब्दाकडे थोडे बारकाईने पाहू. मराठीत लोहाराचा भाता आणि धनुर्धराचा भाता हे दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात. मूळ संस्कृत 'भस्त्रा' म्हणजे चामड्याची पिशवी. तीत वारा भरला की एक भाता, बाण भरले की दुसरा. बाणांच्या भात्याचे तोंड उघडे असते, कारण धनुर्धराला वेळ नसतो. आत कप्पे नसतात, कारण सर्व बाण सारखे. बाण मागच्या टोकास धरून वर ओढतात आणि ते निर्धास्तपणे करता येते, कारण बाणाचा पिसारा काठीस पक्का जखडलेला असतो. म्हणजे भात्याची सारी घडण बाणाच्या एका गुणधर्मावर उभी आहे, आणि नेमका तोच गुणधर्म डार्टाच्या ठायी नाही. मी 'बाण' म्हटले त्याबरोबर बाणाचा पक्का पिसारा न बोलता सोबत आला. वास्तविक इंग्रजी 'डार्ट' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थ हाताने फेकावयाचा लहान भाला असा आहे. कुळाने डार्ट भाल्याचे धाकटे भावंड. धनुष्याशी त्याचे नाते नाही. 'ॲरोज' हे कौतुकाचे नाव इंग्लंडातील खेळाडूंना बाधत नाही, कारण वस्तू त्यांच्या हातात असते. ज्याने वस्तू पाहिलेली नाही त्याच्यापुढे मात्र नावाखेरीज दुसरे काही नसते.

तेव्हा दुसऱ्या खेपेस मी काकांकडून एक जुना डार्ट मागविला व तो मामांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी पिसारा उपटून पुन्हा खोचला, दांडी पिळून काढली, अणीवरून अंगठा फिरविला आणि विचारले, "ह्यातलं काय दाबलेलं चालतं नि काय चालत नाही?" प्रश्न इतका नेमका होता की पेटीच्या घडणीविषयी जे काही सांगण्यासारखे आहे ते त्याच्या उत्तरात येऊन जाते.

धड दाबलेले चालते. किंबहुना ते घट्ट धरलेच पाहिजे. डार्टाचे बहुतेक वजन तेथे असते, त्याचा तोलबिंदूही तेथेच. वस्तू तोलबिंदूपाशी धरली तर हिसका बसला तरी ती गरगरत नाही. टोकास धरली तर दुसरे टोक झोके घेते. अणी दाबलेली चालते, परंतु ती कशाला तरी दाबील त्याचे काय, हा प्रश्न उरतो. दांडी मध्यम. पिसाऱ्यास मात्र स्पर्शही नको. पिसाऱ्याचे काम हवेचा रोध डार्टाच्या मागच्या बाजूस आणणे हे होय. त्यामुळे डार्ट हातातून किंचित तिरका सुटला तरी मागचा भाग ओढला जाऊन अणी पुढे वळते. हातातून फलकापर्यंतचा प्रवास अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात आटोपतो. सुधारणेस मिळणारा अवकाश एवढाच. चारही पाळ्या एकमेकींशी काटकोनात असतील तर ओढ सर्व बाजूंनी सारखी बसते. एक पाळी मुडपली की ती सारखी राहत नाही आणि डार्ट डोलत जातो.

ह्यावर इंग्लंडातील नेहमीच्या चपट्या पाकिटांनी काढलेला उपाय असा, की पिसारा रोज काढावा, त्याची घडी घालून तो वेगळ्या कप्प्यात ठेवावा. उपाय सोयीचा आहे. पाकीट सदऱ्याच्या खिशातही बसते. परंतु रोज उपटून रोज खोचल्याने दांडीच्या खाचा सैल होतात आणि मग पिसारा खेळताना गळून पडतो. शिवाय पॉलिएस्टरला घडीची आठवण राहते. उन्हात बंद मोटारीत पाकीट राहिले तर ही आठवण अधिकच पक्की होते, कारण सत्तर अंशांच्या पुढे हा पदार्थ मऊ पडू लागतो. आणि आखडलेल्या बोटांनी तीन पिसारे खोचणे हे बटण उघडण्याहून अवघड काम आहे. काकांपुरता हा मार्ग बंद होता. पिसारे उघडे ठेवूनच डार्ट नेणे प्राप्त होते.

मामांशी बोलताना आम्ही आपल्या भाषेतील एकेक आवरण पुढे घेऊन पाहिले, आणि हा व्यायाम मला कोणत्याही अर्थविचाराच्या ग्रंथाइतका उद्बोधक वाटला. 'म्यान' घ्या. फारसीतून आलेला हा शब्द; म्यान वस्तूच्या आकाराबरहुकूम असते व एकाच वस्तूचे असते. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, मग तीन डार्टांची गोष्टच नको. अणीपुरता विचार केला तर मात्र म्यानाची कल्पना योग्य: प्रत्येक अणीस स्वतःचे. 'गवसणी' तंबोऱ्याला घालतात. ती सर्वांगास वेढते, धूळ व ओरखडे ह्यांपासून राखते, दाबापासून राखीत नाही. आकाशाला गवसणी घालणारे कवी दाबाचा विचार करीत नाहीत, म्हणून त्यांचे चालते. 'चंची' घडीची आणि अनेक कप्प्यांची. पान, सुपारी, कात, चुना ह्यांना घडीचे भय नसते. इंग्रजी चपटे पाकीट म्हणजे अर्थदृष्ट्या चंचीच होय.

'धोपटी' अधिक जवळची. न्हाव्याच्या धोपटीत वस्तरा, कात्री, नराणी ह्यांची जागा ठरलेली असते आणि शिवाय धार लावण्याची सिल्लीही असते. डार्ट्सच्या पेटीतही अणीवर फिरविण्याचा लहानसा दगड, दोन-तीन जादा दांड्या, पिसाऱ्यांची एक जुडी, आणि धडात तुटून अडकलेली दांडी काढण्याचे हत्यार एवढा संसार असतो. दगडाचा उपयोग धार लावण्यापेक्षा अणी किंचित खरखरीत करण्यासाठी अधिक. गुळगुळीत अणीवर सिसलचे तंतू पकड घेत नाहीत आणि डार्ट गळून पडतो. धोपटीची शिस्त पेटीस हवी हे खरे, परंतु धोपटीदेखील गुंडाळली जाते. 'येथे अवकाश राखला आहे, आतल्या वस्तूच्या ह्या भागास कोणी शिवणार नाही' असा अर्थ वाहणारा शब्द मला सुचेना. तेव्हा मामा म्हणाले, "मग सर, हे चष्म्याचं घर झालं की."

शब्द अगदी योग्य होता. चष्म्याच्या घरात काच भिंतीस टेकत नाही, काड्या टेकतात. 'घर' ह्या शब्दाने मराठीत सोंगटीचे घर होते, बटणाचे घर होते. सर्वत्र भाव हाच की आत राहणाऱ्यास बसावयास जागा आहे आणि ती त्याचीच आहे. म्यान वस्तूला चिकटते, भाता तिला ढिगात टाकतो, घर तिला राहू देते. मामांच्या डोळ्यांपुढे लगेच कठीण कवच, मध्ये बिजागर आणि आत गादी उभी राहिली. माझ्या पहिल्या शब्दाने नळी उभी केली होती, त्यांच्या ह्या शब्दाने पेटी.

राहिला मापांचा प्रश्न. येथे मी थोडी भूमिती केली आणि तिच्यावर नको इतका खूश झालो. पिसाऱ्याची एका पाळीच्या टोकापासून समोरच्या पाळीच्या टोकापर्यंतची रुंदी काकांच्या डार्टात ३८ मिलिमीटर होती. डार्ट असा ठेवला की पाळ्या अधिक चिन्हासारख्या उभ्या-आडव्या येतील, तर त्यास ३८ मिलिमीटर रुंदी आणि तेवढीच उंची लागते. तोच पंचेचाळीस अंशांनी फिरवून गुणाकाराच्या चिन्हासारखा ठेवला तर दोन्ही मापे २७ मिलिमीटरांवर येतात. तीन डार्ट शेजारी शेजारी ठेवले असता ११४ ऐवजी ८१ मिलिमीटर पुरतात, आणि पेटीची जाडीही ११ मिलिमीटरांनी उतरते. एवढ्यावर न थांबता मी मधला डार्ट उलटा करून पाहिला. मग एका बाजूस दोनच पिसारे येतात, त्यांच्या चार पाळ्यांमध्ये जो चौकोनी पोकळ भाग राहतो त्यातून मधल्या डार्टाची अणी सुखाने जाते, आणि रुंदी ५४ मिलिमीटरांवर येते. म्हणजे बाजारातील तयार, कठीण चष्म्याचे घर घेऊन आत गादी बसविली की काम झाले!

मामांनी आराखडा पाहिला आणि बाजूला सारला. "अंधारात हात घालणार ते. दोन सुलटे, एक उलटा. बोट अणीवर जाईल." मी म्हटले, अणीला नळी आहेच. त्यावर ते म्हणाले, "नळी आहे ती डार्ट आत असताना. उचलताना नाही." शिवाय अणी दोन नाजूक पिसाऱ्यांच्या मधून काढावयाची म्हणजे रोज एखादी पाळी फाटणार, हेही त्यांच्या बोलण्यानंतर मला दिसले. तिन्ही डार्ट एकाच दिशेने ठेवावयाचे ठरले. सत्तावीस मिलिमीटरांचा लोभ सोडावा लागला.

अखेर पेटी अशी झाली. लांबी १७५, रुंदी ९५ व जाडी ३८ मिलिमीटर. वनस्पतींच्या कषायाने कमावलेले जाड चामडे भिजवून लाकडी ठोकळ्यावर ताणून वाळविले. ह्या रीतीने कमावलेले चामडे ओले असता घ्याल तो आकार घेते आणि वाळल्यावर तो सोडीत नाही. मात्र ह्याच चामड्यातील आम्ल द्रव्ये पितळेस हिरवा गंज आणतात. काकांचा एक जुना संच पितळेचा असल्याने आत सर्वत्र लोकरीच्या नमद्याचे अस्तर दिले, जेणेकरून धातूचा चामड्याशी संबंध कोठेच येऊ नये. धडांसाठी नमद्यात तीन खोबणी. खोबण धडाहून अर्धा मिलिमीटर अरुंद, म्हणजे डार्ट वरून दाबला की बसतो आणि उपडी केली तरी पडत नाही. अणींसाठी मामांनी रिकाम्या बॉलपेनांच्या नळ्यांचे तुकडे कापून बसविले. ह्या तुकड्यांना डोक्याकडील अर्धा भाग ठेवलाच नाही. अणी वरून त्यात उतरते, पुढून सरकवावी लागत नाही. पिसाऱ्यांच्या बाजूस काहीच नाही. ती मोकळी जागा पाहून माझ्या एका सहकाऱ्याने तेथे जादा पिसारे ठेवता येतील असे सुचविले होते. ती जागा रिकामी राहण्यासाठीच आहे हे त्यांना समजावून सांगण्यास बराच वेळ लागला. जादा वस्तूंचा कप्पा झाकणात गेला.

डार्ट खोबणीतून काढावयाचा कसा, ह्याचा विचार बोटांच्या दृष्टीने करावा लागला. चिमटीत धरून उचलणे काकांना कठीण. म्हणून खोबणीच्या मागील टोकास नमदा उतरता कापला. दांडीच्या पुढील भागावर अंगठ्याने खाली दाबले असता डार्ट तराजूच्या दांडीप्रमाणे कलतो आणि धड आपोआप वर येते, मग ते तळहाताने ओढून घेता येते. बंद करण्यासाठी बटण, साखळी वा लोहचुंबक ह्यांपैकी काहीही नाही. झाकणापासून निघालेली चार बोटे रुंद चामड्याची जीभ समोरच्या आडव्या पट्ट्याखाली सरकवावयाची, एवढेच. जीभ रुंद असल्याने ती हाताच्या कडेने ढकलता येते. बोटांचे काम नाही. ह्या जिभेसाठी मामांनी तीन वेळा चामडे बदलले. पहिले फार मऊ निघाले, दुसरे फार करकरीत. तिसऱ्यास तेल देऊन बेत जमला.

दुसरी पेटी गेली तेव्हा मी मुद्दामच पत्रात कोणतेही नाव लिहिले नाही. काकांनी ती दोन आठवडे वापरली आणि मग दूरध्वनी केला. जीभ सुटते, लागते. पिसारे सरळ राहतात. सदऱ्याच्या खिशात मावत नाही, ओव्हरकोटाच्या आतल्या खिशात मावते, आणि उन्हाळ्यात ओव्हरकोट घालून पबात गेल्याबद्दल त्यांना चिडवितात. खोबणी पितळेच्या जाड संचासाठी अरुंद पडतात, तेव्हा तो संच घरीच राहतो. ही चूक सर्वस्वी माझी, मी मापे टंगस्टनच्या संचाची दिली होती. पबातील मंडळींनी पेटी हाताळून पाहिली आणि ह्या वस्तूला तुमच्या भाषेत काय म्हणतात असे विचारले. काकांनी सांगितले, "घर." त्यांच्यापैकी दोघे आता गुरुवारी, पेटी कोठे राहिली असे विचारावयाचे असता, तोच शब्द वापरतात, त्यातील 'घ' मात्र त्यांना अजून साधत नाही, 'गर' असाच उच्चार होतो. महाप्राण घोष व्यंजन इंग्रजी जिभेस अवघड जाते, हे नोंदवून ठेवण्यासारखे आहे.